नागपूरहून परदेशात पत्र पाठवताना: पाकीट, पत्ता, तिकीट आणि नंतरची वाट

परदेशात पत्र पाठवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती पैसे लागतील?" माझ्या लेखी तो तिसरा-चौथा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की पाकिटात नुसता कागद आहे की आणखी काही? कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, कोणता फॉर्म भरायचा, ओळखपत्र लागेल का आणि पलीकडच्या देशातले कस्टम्सवाले पाकीट अडवतील का, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. बाकी काउंटरवरचं काम फार तर पाच-दहा मिनिटांचं. रांग सोडून.

कागद म्हणजे पत्र, बाकी सगळं सामान

हाताने लिहिलेलं पत्र, छापलेली पत्रिका, शुभेच्छापत्र, फोटो, दाखल्यांच्या प्रती हे सगळं कागदपत्रांत मोडतं. कागदपत्रांच्या साध्या पत्राला कस्टम्सचा फॉर्म लागत नाही. राखी, रुमाल, पेन ड्राइव्ह, चांदीचं छोटं नाणं, तिळगुळाची पुडी हे मात्र सामान, मग ते कितीही चपटं असो आणि पाकिटात कितीही छान बसो. जगभरच्या टपाल खात्यांनी मिळून हा फरक २०१८ पासून कडक केला आहे. सामान असलेल्या पाकिटाबरोबर आत काय आहे, त्याची किंमत आणि वजन किती, हे सांगणारा कस्टम्स फॉर्म लागतो. कमी किमतीच्या वस्तूंसाठी 'सीएन २२' आणि जास्त किमतीसाठी 'सीएन २३'. ही माहिती बारकोडसह संगणकातून आधीच त्या देशाला जाते. ती गेलेली नसेल तर पाकीट अडकतं किंवा परत येतं.

आपल्याकडे खरी गडबड होते ती लग्नपत्रिकेत. पत्रिका पाठवायची म्हणजे कोपऱ्याला हळदकुंकवाची बोटं, आत चिमूटभर अक्षता आणि वर चिकटवलेला प्लास्टिकचा गणपती. नागपुरातल्या नागपुरात हे सगळं शोभून दिसतं. परदेशी पत्रिकेतून मात्र यातलं एकेक काढून टाका. अक्षता म्हणजे तांदूळ, आणि तांदूळ म्हणजे धान्य. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला बाहेरचं बी-बियाणं, धान्य, वाळलेली पानं-फुलं अजिबात खपत नाहीत आणि तिथे टपालाची तपासणी कसून होते. कुंकवाचं प्रकरण आणखी नाजूक आहे. अमेरिकेत २००१ साली पत्रांतून ॲन्थ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी पाठवली गेली होती. तेव्हापासून पाकिटातून कसलीही पूड सांडलेली दिसली की तिथले कर्मचारी हात मागे घेतात आणि सुरक्षा पथकाला बोलावतात. आपलं सौभाग्याचं कुंकू त्यांच्यासाठी अनोळखी लाल पावडर असते. वाळलेल्या कुंकवाचं एखादं बोट असेल तर कदाचित चालून जाईल, पण आत पुडी नकोच. मावशीला हवंच असेल तर ती तिकडच्या इंडियन स्टोअरमधून घेईल.

तसंच आहेराच्या पाकिटाचं. बाजारातल्या शगुनाच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. नाणी, नोटा, सोनं-चांदी, दागिने हे विमा न उतरवलेल्या पत्रातून पाठवायला आंतरराष्ट्रीय टपालात मनाई आहे, मग ते नाणं एका रुपयाचं का असेना. साधं पाकीट घ्या. आणि "पोट्ट्याला खाऊ" म्हणून आत डॉलरची नोट ठेवायचा मोह आवरा.

संत्रा बर्फी, पेढे, लोणचं यांचा विषय इथेच संपवतो. ते पत्र नाही. पार्सलने पाठवायचं असेल तर त्या देशाच्या खाद्यपदार्थांच्या नियमांपासून सुरुवात करावी लागते.

वजन घरीच काढता येतं

परदेशी पत्राचा दर वजनाच्या टप्प्यांनी आणि देशाप्रमाणे ठरतो. पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो. लांबट साधं पाकीट साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे तीन पानांचं पत्र पहिल्या टप्प्याच्या अगदी काठावर बसतं, आणि चौथं पान किंवा एखादा जाडसर फोटो घातला की तुम्ही पुढच्या टप्प्यात गेलात. लिहायला खूप असेल तर पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी लिहा. लग्नपत्रिका मात्र सहज काही टप्पे वर जाते. चाळीस-पन्नास पत्रिका पाठवायच्या असतील तर एकीचं वजन आधी करून घ्या आणि मगच कार्डाची जाडी ठरवा. छापखान्यात ऑर्डर देऊन झाल्यावर हे कळून काही उपयोग नाही.

दर अधूनमधून बदलतात, म्हणून आकडा इथे देत नाही. भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दर काढायची सोय आहे. त्यात परदेश निवडा, देश आणि ग्रॅममध्ये वजन टाका, रक्कम समोर येते.

आकाराचंही एक बंधन आहे. पत्र किमान ९० बाय १४० मिलिमीटरचं हवं, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढं. कमाल मर्यादा अशी की लांबी, रुंदी आणि जाडी मिळून ९०० मिलिमीटर आणि कोणतीही एक बाजू ६०० पेक्षा जास्त नको. आपल्या पाकिटांना ही मर्यादा क्वचितच लागते. नातवाने काढलेलं चित्र गुंडाळून पाठवणाऱ्यांनी नळीचे नियम वेगळे असतात एवढं लक्षात ठेवावं.

पत्ता

माझ्या अनुभवात पत्र हरवतं त्याला बहुतेक वेळा पत्ताच कारणीभूत असतो. आपण पत्ता लिहितो तो पोस्टमनला सांगितल्यासारखा: "बजाजनगर, शाळेच्या मागे, पिंपळाच्या झाडाजवळ, जुन्या पाण्याच्या टाकीसमोर." आपल्या भागातला पोस्टमन त्या पिंपळाला ओळखतो. परदेशात पाकीट आधी यंत्र वाचतं. त्याला खुणा कळत नाहीत. त्याला आकडे आणि ओळींचा क्रम कळतो.

म्हणून पत्ता रोमन लिपीत, सुटी-सुटी मोठी अक्षरं काढून, बॉलपेनने लिहा. जेल पेन नको, पावसाळ्यात एका थेंबाने अख्खी ओळ पसरते. शेवटच्या ओळीत फक्त देशाचं नाव, इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं. नागपूरहून निघालेलं पत्र आधी आपल्याच देशातले कर्मचारी हाताळतात आणि त्यांना ही एकच ओळ महत्त्वाची असते. देशाच्या नावाखाली आणखी काही लिहू नका, फोन नंबरसुद्धा नाही.

अमेरिकेचा पत्ता साधारण असा बसतो:

नाव
घर क्रमांक आणि रस्ता, अपार्टमेंट क्रमांक
शहर, राज्याची दोन अक्षरं, पाच आकडी झिप कोड
यूएसए

अपार्टमेंटचा क्रमांक विसरू नका. तीनशे घरांच्या संकुलात नुसत्या आडनावावर कोणी शोधत बसत नाही, आणि पाटील तर तिथेही चार निघतात. ब्रिटनचा पोस्टकोड शहराच्या खाली स्वतंत्र ओळीवर येतो. जर्मनीत सगळं उलटं वाटतं: रस्त्याचं नाव आधी, घराचा क्रमांक नंतर, आणि पाच आकडी कोड शहराच्या नावाच्या आधी. कॅनडाच्या कोडात अक्षर-आकडा-अक्षर, मग मोकळी जागा, मग आकडा-अक्षर-आकडा असा क्रम असतो. त्यात शून्य आणि 'ओ'ची गल्लत होते. 'ओ' हे अक्षर कॅनडाच्या कोडात वापरतच नाहीत, त्यामुळे तिथे गोल दिसलं की तो शून्यच. दुबई-अबूधाबीकडे घरपोच पत्राची परंपरा नाही, तिकडे पोस्ट बॉक्स क्रमांक लागतो. तो बहुधा कंपनीचा असतो, म्हणून कंपनीचं नावही घाला. हाँगकाँगला पोस्टकोड नाहीच, उगाच शोधत बसू नका. जपान-चीनचा पत्ता तिकडच्या लिपीत मागवून, छापून चिकटवला तरी चालतो. फक्त शहर आणि देश इंग्रजीतही हवेत.

आता जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांच्या पालकांसाठी. तिथे पत्र दिलं जातं ते पत्रपेटीवरच्या नावाला. मुलगा दुसऱ्याच्या भाड्याच्या घरात खोली घेऊन राहत असेल आणि पेटीवर त्याचं नाव नसेल, तर रस्ता, क्रमांक, कोड सगळं अचूक असूनही पत्र "हा इथे राहत नाही" म्हणून परत निघतं. उपाय सोपा आहे. मुलाच्या नावाखाली "सी/ओ" (केअर ऑफ, म्हणजे 'यांच्या घरी') लिहून ज्याचं नाव पेटीवर आहे त्याचं आडनाव लिहा. मुलाला आधी विचारा, "पेटीवर कोणाचं नाव आहे रे?" मुलं हे आपण होऊन सांगत नाहीत, कारण त्यांनी ती पेटी महिनोन्‌महिने उघडलेली नसते.

घेणाऱ्याचा पत्ता पाकिटाच्या समोर, उजवीकडे खालच्या अर्ध्या भागात. तुमचा पत्ता डावीकडे वर, लहान अक्षरांत. मागच्या बाजूला लिहायची आपली सवयही चालते. तुमच्या पत्त्यात पिन कोड आणि शेवटी 'इंडिया' हवंच, कारण परतीचा प्रवास तिकडच्या माणसाच्या हातून सुरू होतो आणि त्याला 'नागपूर, महाराष्ट्र' पुरत नाही. पिन कोडातला ४४० म्हणजे नागपूर, पुढचे तीन आकडे तुमच्या टपाल कार्यालयाचे: जीपीओचे (मुख्य टपाल कार्यालयाचे) ००१, इतवारीचे ००२, शंकरनगरचे ०१०. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. आपला पिन कोड चुकवायला आपल्याला तरी सबब नाही.

साधं पत्र की स्पीड पोस्ट?

नातवंडाला पत्र, दिवाळीचं शुभेच्छापत्र, मैत्रिणीला चित्राचं पोस्टकार्ड यांच्यासाठी साधं हवाई टपाल पुरतं. ते स्वस्त आहे. त्याचा माग काढता येत नाही आणि पावतीही मिळत नाही. जुन्या मंडळींना यूपीसी आठवत असेल, पत्र टाकल्याचा तो शिक्का मारलेला कागद. ती सोय २०११ सालीच बंद झाली. तेव्हा साधं पत्र म्हणजे विश्वासाचा मामला. दोन ते चार आठवडे धरून चाला आणि दिवाळीच्या महिनाभर आधी टाका.

पोहोचल्याचा पुरावा हवा असेल, मूळ कागदपत्रं असतील किंवा तारखेची घाई असेल तर आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. देशातल्या देशात रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. त्यामुळे काउंटरवर "रजिस्टर करून द्या" म्हणण्यापेक्षा "परदेशात पाठवायचं आहे, क्रमांक आणि पावती हवी" असं सांगा. मग समोरचा माणूस योग्य सेवा सुचवतो. हलक्या सामानासाठी, राखीसारख्या, माग काढता येणारी आंतरराष्ट्रीय पॅकेट सेवा आहे. तिलाही कस्टम्सची माहिती भरावी लागते. व्यवसाय म्हणून माल पाठवणाऱ्यांसाठी डाक घर निर्यात केंद्रं आहेत, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खासगी कुरिअर कधी? विद्यापीठाची किंवा व्हिसाची मुदत चार दिवसांवर आली असेल तेव्हा. बाकी वेळी त्यांचा दर पाहून आपल्याला पोस्टाची आठवण येते.

निघण्याआधी त्या देशाची सेवा चालू आहे का, हे संकेतस्थळावर किंवा काउंटरवर पाहून घ्या. ही काळजी फुकाची नाही. अमेरिकेने आयात शुल्काचे नियम बदलले तेव्हा आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून तिकडचं बहुतेक सामान घेणं थांबवलं. सुरुवातीला पत्रं चालू होती, पण काही दिवसांत तीही थांबली, आणि सगळं पुन्हा सुरू झालं ते १५ ऑक्टोबरला. डेन्मार्कमध्ये तर तिथल्या सरकारी टपाल कंपनीने डिसेंबर २०२५ अखेर पत्रं वाटणंच सोडलं आणि ते काम एका खासगी कंपनीकडे गेलं.

जीपीओच्या खिडकीवर

परदेशी पत्र जवळच्या कोणत्याही मोठ्या टपाल कार्यालयात देता येतं. तरी पहिल्या खेपेला सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत जा असं मी सांगेन. शंभरी ओलांडलेली ती वास्तू पाहण्यासारखी आहेच, पण मुख्य कारण वेगळं आहे. तिथे रोज परदेशी टपाल येतं, त्यामुळे दर आणि फॉर्म विचारायला कोणाला आत जावं लागत नाही. लहान कार्यालयात कधीकधी "परदेशी? थांबा जी, साहेबांना विचारतो" इथून सुरुवात होते. तिकिटांची हौस असेल तर जीपीओच्या फिलाटेली विभागातून सुंदर स्मृती-तिकिटं घ्या. परदेशातल्या मुलांना पत्राइतकीच ती आवडतात.

पाकीट उघडंच न्या. वजन झाल्यावर एखादं पान कमी करायचं झालं तर करता येतं, आणि काही विचारलं तर दाखवताही येतं. काउंटरवरचा संवाद साधारण असा होतो:

"आत काय आहे?"
"कागदच आहेत जी, पत्र आणि दोन फोटो."
"कुठं जाते?"
"कॅनडा."

मग पाकीट वजनकाट्यावर, मग रक्कम. तिकिटं पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लावा, एकावर एक न चढवता. काउंटरवरचा डिंक एकदा पातळ पाणी असतो नाहीतर एकदम गोळा, म्हणून घरची गोंदाची कांडी खिशात असू द्या. तिकिटावर सेलोटेप लावायची नाही, शिक्का टेपवर बसतो आणि तिकीट रद्द झाल्यासारखं दिसत नाही. डावीकडे वर, तुमच्या पत्त्याखाली, 'बाय एअर मेल' लिहा किंवा निळी चिठ्ठी मिळाली तर चिकटवा. शेवटी पाकीट पेटीत टाकू नका. काउंटरवर द्या आणि तुमच्यादेखत तिकिटांवर शिक्का मारून घ्या.

तिकीट कमी लावलं तर पाकिटावर 'टी' असा शिक्का पडू शकतो आणि उरलेले पैसे घेणाऱ्याकडून मागितले जातात, किंवा पत्र परत येतं. बरोबर तिकीट लावलं असेल तर पलीकडे कोणाला काही द्यावं लागत नाही. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झालेल्या करारामुळे एका देशाच्या तिकिटावर पत्र दुसऱ्या देशातल्या दारापर्यंत जातं. भारत त्यात १८७६ पासून आहे.

स्पीड पोस्टसाठी तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स, तुमचा आणि घेणाऱ्याचा फोन नंबर (देशाच्या कोडसह) आणि घेणाऱ्याचा संपूर्ण पत्ता घेऊन जा. मोबाइलवरचा पत्ता काउंटरवाल्याला वाचून दाखवण्यात वेळ जातो आणि चुका होतात. तो छापून न्या. पावती हातात आली की तिथेच उभं राहून नाव, कोड आणि देश तपासा. संगणकात एकदा नोंद झाली की नंतर दुरुस्ती किचकट.

विद्यापीठाची कागदपत्रं पाठवणाऱ्यांसाठी

परदेशात शिक्षणाला किंवा कॅनडासारख्या ठिकाणी स्थायिक व्हायला निघालेल्यांना विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने प्रमाणित केलेले गुणांचे उतारे, पाठवावे लागतात. इथे नेहमीचे नियम उलटे होतात. वर मी पाकीट उघडं न्या म्हटलं, पण हे पाकीट तुम्ही उघडायचंच नाही. विद्यापीठाने बंद करून झाकणाच्या सांध्यावर सही-शिक्का मारलेलं पाकीट फाडलं, की आपल्या पदव्या तपासणाऱ्या बहुतेक मूल्यांकन संस्था ते नाकारतात. ते तसंच्या तसं मोठ्या पाकिटात घाला आणि बाहेरच्या पाकिटावर पत्ता लिहा. त्या संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही पाकिटांवर ठळक लिहा. क्रमांकाशिवाय आलेलं पाकीट कोणाचं, हे शोधण्यात तिकडे आठवडे जातात. काउंटरवर "आत विद्यापीठाचे कागद आहेत" एवढं सांगा. आणि पाकीट बंद होण्यापूर्वी विद्यापीठातूनच एक जादा संच मागून ठेवा.

पाठवल्यानंतर

स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा अक्षर-आकड्यांचा असतो. सुरुवातीला दोन अक्षरं, त्यातलं पहिलं 'ई', मग नऊ आकडे आणि शेवटी भारताची खूण म्हणून 'आय-एन'. नागपूर सोडून मुंबईसारख्या विनिमय कार्यालयापर्यंत (जिथून टपाल देशाबाहेर जातं) नोंदी पटापट दिसतात. विमानात चढल्यावर काही दिवस काहीच दिसत नाही. तेव्हा घाबरू नका. पलीकडच्या देशाने पिशवी उघडून नोंद केल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. त्या टप्प्यापासून आपल्या संकेतस्थळापेक्षा त्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाका, तिथे माहिती लवकर दिसते.

साध्या पत्राचा माग नसतो, म्हणून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिकिटांसकट काढून ठेवा. पोहोचलं नाही तर निदान पत्ता बरोबर होता का हे तपासता येतं, आणि घेणाऱ्याला कोणतं पाकीट शोधायचं ते कळतं.

क्रमांक असलेलं टपाल रेंगाळलं तर टपाल खात्याच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर चौकशी नोंदवा. आंतरराष्ट्रीय टपालाची चौकशी पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. तिला पावती लागते, म्हणून ती पावती पर्सच्या कप्प्यात चुरगळू देऊ नका. तिच्यावरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. त्याच दिवशी तिचाही फोटो काढून ठेवा.